एकसारखी उत्तरे

वाठोरे सर सकाळी महाविद्यालयात निघाले की घराला कुलूप लावतात आणि ते ओढून पाहतात. एवढे पुष्कळ जण करतात. सर मात्र फाटकापर्यंत येऊन थांबतात, मला हाक मारतात आणि म्हणतात, "गुरुजी, जरा तुमी ओढून पाहा." मी पूजेत असलो तर माझी पत्नी जाते, कुलूप ओढते आणि "लागलंय हो, भाऊ" असे सांगते. सर मान हलवतात, थोडे पुढे जातात आणि परत फिरतात. तिने कुलूप खरोखर ओढले की नुसता हात लावला, याची त्यांना आता खात्री करून घ्यायची असते.

आदिलाबादला लागूनच असलेल्या मावला गावात आमची घरे समोरासमोर आहेत. सर शहरातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात, एकटे राहतात, आणि जगातील प्रत्येक गोष्टीकडे ती शेजारच्या बाकावरून पाहून लिहिली असावी अशा नजरेने पाहतात. त्यांचा सारा सिद्धान्त एका वाक्यात मावतो : "दोघं एकसारखं बोलले, म्हंजे तिसरा कोनीतरी शिकवून गेला."

या सिद्धान्तापायी त्यांनी बरेच सोसले आहे. बसस्थानकावर दोन रिक्षावाल्यांनी मावल्याचे एकच भाडे सांगितले, म्हणून ते भर उन्हात पायी घरी आले. त्यांचा विवाहही यातच राहिला. मी एकदा संकोचाने विषय काढला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पाहाले गेलो होतो, गुरुजी. तिचा बाप म्हणे, पोरगी शांत हाय. मंग मामा आला, तोही म्हणे, पोरगी शांत हाय. शब्दाले शब्द. चहा पेलो अन् उठून आलो."

आमच्याकडे सत्यनारायण असला की सर पूजेला येत नाहीत, शिऱ्याला येतात. त्यांच्या घरी बुद्धमूर्तीपुढे रोज संध्याकाळी दिवा लागतो, आमच्या घरी विष्णूपुढे लागतो, आणि दोन्ही दिव्यांचा उजेड रस्त्याच्या मधोमध येऊन मिळतो. याबद्दल आम्हा दोघांत कधी चर्चा झाली नाही. असेच एकदा शिऱ्याची वाटी हातात घेत त्यांनी विचारले, "तूप घरचं हाय का?" पत्नी आणि मी एकाच क्षणी "घरचंच" म्हणालो. सरांनी वाटी खाली ठेवली. "काकू, तुमी बोला. गुरुजी, तुमी गप राहा." पत्नीने साय विरजण्यापासून तूप कढवण्यापर्यंतचा सगळा क्रम सांगितला, तेव्हा कोठे शिरा त्यांच्या पोटात गेला.

अशा मनुष्याच्या वाट्याला नियतीने महाविद्यालयाचे सभागृह द्यावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. अध्यापकांच्या जागा रिकाम्या, म्हणून तुकड्या एकत्र केल्या. एकत्र केलेल्या तुकड्या कोणत्याही खोलीत मावेनात, म्हणून त्यांना संमेलनाच्या सभागृहात बसवले. समोर शेकडो विद्यार्थी, निम्म्यांची घरची भाषा तेलुगू, काहींची मराठी, काहींची गोंडी. सर ध्वनिक्षेपकावर तेलुगूत शिकवतात आणि मधे मधे इंग्रजी पेरतात. वीज गेली की पहिल्या रांगांपलीकडे सरस्वतीलाही जाता येत नाही.

माझे स्वतःचे अध्ययन पाठशाळेत झाले. आम्ही मोजके विद्यार्थी चटईवर बसून संथा म्हणत असू, आणि आमचे गुरुजी डोळे मिटलेले ठेवूनही कोणाचा पाठ कच्चा आहे हे ओळखत. हे मी सरांना सांगितले तर ते म्हणाले, "तुमच्या गुरुजीले सोपं होतं. माह्या हॉलमधी मागचा पोट्टा मले ठिपक्यावानी दिसते. ठिपक्याले मार्क कसे द्याचे, ते सांगा."

ठिपक्यांना गुण देण्याची त्यांची पद्धत मात्र मी समोरच्या ओसरीवरून अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. ते प्रथम सर्व उत्तरपत्रिकांचा नावाचा कोपरा दुमडून टाकतात, म्हणजे कोणाची आहे हे कळू नये. मग सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासतात, तो संपला की सगळ्यांचा दुसरा. त्यामुळे एकाच्या सुवाच्य अक्षराचे पुण्य दुसऱ्या प्रश्नाला लागत नाही. प्रश्नही असे काढतात, की पुस्तक उपयोगी पडू नये. "सिद्धान्त पुस्तकातला, उदाहरण गावातलं. पुस्तकातलं उदाहरण आलं का शून्य." त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या ओसरीवर साऱ्या तालुक्याचा बाजार भरतो. कोठे कापसाची गाडी येते, कोठे सोयाबीनची. कोणाची शेळी विकली जाते, कोणाचा मामा गुडीहत्नूरच्या हमरस्त्यावर टरबुजे घेऊन बसतो. सर वाचतात, क्वचित हसतात, आणि लगेच तो टरबूजवाला मामा खरोखर आहे की नाही, अशी शंका घेतात.

या वर्षीच्या अंतर्गत परीक्षेत त्यांनी विचारले होते : बाजारात भाव कसा ठरतो आणि कसा टिकतो, हे आपल्या गावचे उदाहरण देऊन लिहा.

मी संध्येसाठी तांब्या भरून घेत होतो. समोर सर एक उत्तरपत्रिका वाचून बाजूला ठेवताना दिसले. दुसरी वाचली, तीही तिच्यावर ठेवली. मग ते उठले, पुन्हा बसले, आणि त्यांनी गठ्ठाच उलथापालथा करण्यास आरंभ केला. थोड्या वेळाने त्यांची हाक आली.

"गुरुजी, एकच बाई इतक्या गावात वांगी विकून राह्यली."

मी रस्ता ओलांडून गेलो. कोणी तेलुगूत लिहिले होते, कोणी इंग्रजीत. कोणाची बाई तामसीची होती, कोणाची गुडीहत्नूरची, एकाने तर ती आपली आजी असल्याचे नमूद केले होते. परंतु सगळ्या बाया करीत होत्या एकच. दिवस मावळताना बाकीचे विक्रेते वांग्यांचा भाव उतरवत. ही उतरवत नसे. ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत आणखी मूठभर वांगी टाकत असे. कारण एकदा उतरलेला भाव पुढच्या बाजारी पुन्हा चढत नाही, जास्तीची मूठ मात्र दर आठवड्याला नव्याने ठरवता येते. भाव खाली करायचा नाही, मूठ मोठी करायची.

मी ती बाई ओळखली. ती सरांची आई होती.

सरांचे बालपण शेतमजुरांच्या वस्तीत गेले. आई दुसऱ्याच्या शेतात राबे, झोपडीमागे वांगी लावी आणि आठवडी बाजारात विकी. तिला जाऊन बरीच वर्षे झाली. सर तिच्याविषयी बोलत नाहीत. एकदाच, आमच्या घरी भरल्या वांग्यांचे जेवण झाल्यावर, हा मुठीचा प्रकार त्यांनी पत्नीला आणि मला सांगितला होता.

"गुरुजी," सरांचा आवाज एकदम खाली आला, "माह्या मायची गोष्ट तुमी कोनाले सांगली?"

"कोणालाही नाही," मी म्हणालो.

"इथंच बसा." ते माझ्या घरी गेले. माझ्या पत्नीला त्यांनी दारातच तोच प्रश्न विचारला. तिने उत्तर दिले, "कोणालाही नाही, भाऊ." सर परत आले ते चेहरा बदलूनच. त्या घरात तिसरा कोण शिकवून गेला, हे शोधण्याची त्यांना गरज राहिली नव्हती. आम्ही दोघे एकसारखे बोललो होतो.

त्यांचा तर्क त्यांच्या दृष्टीने निर्दोष होता. कोणीतरी बाहेर सांगितले, की या मास्तरला आईची गोष्ट लिहिली की तो विरघळतो. मग पोरांनी गाव बदलून ती उतरवली. "चोरी त चोरी," ते म्हणाले, "अन् तीही माह्याच घरातून." मग त्यांनी दुमडलेले कोपरे उघडून नावे पाहिली, आणि त्यातच त्यांना एक दुवा सापडला. तामसीचे एक भाजीवाले आमच्या गल्लीत भाजी आणतात, माझ्याशी दोन शब्द बोलतात. त्यांची मुलगी रेणुका सरांच्याच वर्गात होती, आणि वांगेवाली बाई तिच्याही उत्तरात बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी कुलूप लावले, स्वतःच ओढले, आणि मला न बोलावता निघून गेले. तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे हे मला कळले.

त्या सगळ्या विद्यार्थ्यांचे गुण त्यांनी रोखून धरले. शनिवारपर्यंत गुण संगणकावर चढवले नाहीत, तर रकान्यात शून्य पडणार होते. शून्य म्हणजे विषय गेला. आणि रेणुकेच्या बाबतीत विषय गेला म्हणजे शिष्यवृत्ती गेली. हे मला तिच्याकडूनच कळले. ती वडिलांबरोबर भाजीच्या गाडीशी उभी होती.

"गुरुजी, तुमी सरांले सांगा ना. आमी कॉपी नाई केली."

"मग ती गोष्ट तुला कोठून मिळाली, बाळ?"

"सरांनीच सांगली."

वडील मधे म्हणाले, "पाहा गुरुजी, पोरगी खोटं बोलत नाई. शिष्यवृत्ती थांबली त रोजच्या बसचं मले जमत नाई. घरीच बसवा लागंन."

खरे सांगायचे तर माझ्याही मनात शंका डोकावली. सर आपल्या आईविषयी भर सभागृहात बोलतील, हे मला अशक्य वाटले. संशय हा स्पर्शाने वाढणारा विकार आहे; इतकी वर्षे समोर राहून तो मला थोडाफार जडला असावा. तरीही मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, शून्य देण्यापूर्वी त्यांना एकदा विचारा. एकेकाला, वेगवेगळे."

सरांनी मला बराच वेळ न्याहाळले. "विचारतो," ते म्हणाले. "पन तुमी समोर बसाचं. पोट्टे उत्तर देताना तुमच्याकडं पाहतात का, ते मले पाहाचं हाय."

अशा रीतीने उतारवयात मी प्रथमच एका परीक्षेत संशयित म्हणून बसलो. दुपारची वेळ होती. रिकाम्या सभागृहात सर व्यासपीठावर, मी भिंतीशी एका खुर्चीवर, आणि विद्यार्थी बाहेरच्या व्हरांड्यात, एकमेकांशी बोलू नये म्हणून दूर दूर उभे केलेले. मी मनातल्या मनात विष्णुसहस्रनाम सुरू केले. सरांनी ओठ हलताना पाहिले. "गुरुजी, खुणा नका करू," ते म्हणाले. मी ओठ मिटून घेतले.

पहिला आला गुडीहत्नूरचा श्रीनिवास. वांगेवालीला आजी करणारा हाच. सरांनी त्याला तेलुगूत विचारले, की ही बाई कोण. तो गोंधळून म्हणाला, "मीरे चेप्पिन्रु गदा, सार." तुम्हीच तर सांगितलंत, सर.

दुसरी आली. तुम्हीच सांगितलंत. तिसरा आला. तुम्हीच सांगितलंत. प्रत्येक उत्तराबरोबर सरांची मुद्रा अधिकच कठोर होत गेली. "पाहा, पाहा," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "एकाचा शब्द दुसऱ्याच्या बाहेर नाई. पढवून आनले हायेत."

"सर," मी म्हणालो, "सत्यही सर्वांना एकसारखेच सांगता येते."

"सत्याले इतके साक्षीदार नाई भेटत, गुरुजी."

शेवटी रेणुका आली. घाबरलेली होती, पण उभी ताठ राहिली. तिच्याशी सर मराठीत बोलले.

"म्या सांगलं म्हंते तू. कवा सांगलं?"

"लाइट गेली होती, सर. त्या दिवशी."

"लाइट त रोजच जाते."

"तुमी माईक बाजूले ठेवला अन् इथं, काठावर बसले," तिने व्यासपीठाच्या कडेकडे बोट दाखवले. "आधी तेलुगूत बोलत होते. मंग खिडकीकडं पाहून मराठीत बोलाले लागले. हळूच. आमच्या घरी बोलतात तसं."

सर उठून त्या कडेपर्यंत गेले.

"मागं साऱ्या हॉलमधी गलका होता त्या दिवशी," ते अखेर म्हणाले. "मले आठवते. मी आपला माह्याशीच बोलत होतो. कोनी आयकत नव्हतं."

"गलका नव्हता, सर. तो श्रीनिवास मले विचारे, सार काय म्हणून राह्यले? म्या त्याले तेलुगूत सांगलं. त्यानं मागच्याले सांगलं. त्यानं आनखी मागं. तुमी एक वाक्य बोला का सारे पुसत, मंग काय, मंग काय. तुमी एकदा रागानं पाह्यलं बी आमच्याकडं. पन थांबलं असतं त मागच्याले पुढचं कळलं नसतं."

सरांनी आपल्या उपरण्यासारख्या पांढऱ्या रुमालाने चष्मा पुसला. त्यांचा संशय अजून उठून गेला नव्हता. तो केवळ खुर्चीवरून बाकावर येऊन बसला होता.

"ठीक हाय," ते म्हणाले. "मंग अजून काय सांगलं होतं म्या? पेपरात नाई लिवलेलं. ते सांग."

रेणुकेने क्षणभर विचार केला. "तुमी म्हणले का, टोपली खाली झाली का माय ती उलटी करे, अन् तुमाले तिच्यावर बसवे. बस येईपर्यंत. मंग शेजारच्या दुकानाच्या उजेडात तुमी वाचत बसा. अन् माय उभीच राहे, उजेडाच्या आड येऊ नाई म्हणून सरकून."

सरांनी माझ्याकडे पाहिले. आता माझ्या चेहऱ्यावर जे होते ते त्यांना स्पष्ट दिसले असणार, कारण ही गोष्ट मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. आमच्या घरी भरली वांगी खाऊन त्यांनी मूठ सांगितली होती. टोपली सांगितली नव्हती. ती त्यांनी, कोणी ऐकत नाही अशा समजुतीने, शेकडो मुलांना सांगितली होती.

मग सरांनी घसा साफ केला आणि परीक्षकाच्या आवाजात विचारले, "हे पेपरात काऊन नाई लिवलं?"

"भावाशी त्याचा संबंध नाई ना, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "लिवलं असतं त मार्क कापले असते."

त्यांनी सगळ्यांना आत बोलावले. मला वाटले, आता गुण देऊन टाकतील. परंतु वाठोरे सर ते वाठोरे सर. "बाई माही हाय, तुमची नाई," ते म्हणाले. "प्रश्नात म्या तुमच्या गावचं उदाहरन मांगलं होतं. कोरे कागद घ्या. प्रश्न तोच. आपापल्या गावातलं लिवा." आणि हेच त्यांनी पुन्हा तेलुगूत सांगितले. मुले विखरून बसली. रेणुकेने कागद पुढे ओढला. तिच्या वडिलांची भाजीची गाडी होतीच की लिहायला.

सरांनी घड्याळाकडे पाहिले, मला खूण केली आणि सभागृहाबाहेर चालू लागले. मी थांबलो. "सर, इथे लक्ष ठेवायला?"

"लिवू द्या त्याईले," ते म्हणाले.

आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. आतून कागदाच्या सळसळीशिवाय काही ऐकू येत नव्हते. सर एकदाही मागे वळले नाहीत. मी सहस्रनाम जेथे सोडले होते तेथून उचलले, या वेळी थोडे मोठ्याने. त्यांनी हरकत घेतली नाही. केव्हातरी मधेच ते म्हणाले, "गुरुजी, तुमाले खुर्चीत बसवलं, ते मनावर नका घेऊ." मी नामाचा क्रम न मोडता मान हलवली.

शनिवारी सगळ्यांचे गुण चढले. रेणुकेने वडिलांचे उदाहरण लिहिले होते. सरांनी एका ठिकाणी तिच्या हिशेबाला हरकत घेऊन अर्धा गुण कापला.

परंतु मला सांगायचे आहे ते सभागृहातल्या त्या दुपारचे. लिहून झाल्यावर मुले एकेक करून कागद देऊन गेली. श्रीनिवास शेवटी आला. सरांनी त्याला थांबवले आणि तेलुगूत विचारले, की त्या दिवशी माझ्या आईचे वाक्य तू मागच्याला कसे सांगितलेस, तसेच्या तसे सांग. तो बिचारा हा आणखी एक प्रश्न समजून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "धर तग्गिंचोद्दु, पिडिकिलि पेंचालि." भाव उतरवू नये, मूठ वाढवावी.

"मळ्ळी चेप्पु," सर म्हणाले. पुन्हा सांग.

त्याने पुन्हा सांगितले. सर मान थोडी कलती करून ऐकत होते. उत्तर तपासताना त्यांच्या कपाळावर जी आठी असते, ती आता नव्हती. मुलगा गेल्यावरही ते तसेच बसून राहिले.

"माह्या मायले तेलुगू येत नव्हतं, गुरुजी," ते म्हणाले. "बाजारात बोटं दाखवून विके."